अंगी न लागलेली गोळी

“आकडा पुन्हा चढलाय.” डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर सरकवला. “मागच्या खेपेला डोस वाढवला, त्याच्या आधीही वाढवला. एव्हाना उतरायला हवा होता.”

मुलीने रिपोर्टकडे पाहिलंसुद्धा नाही. “आता आम्ही करायचं काय राहिलंय, तेवढं सांगा.”

“गोळी उपाशीपोटी देता ना?”

“उठल्या उठल्या. साध्या पाण्याबरोबर.”

“चहा?”

“तासाभराने. कॅल्शियमची गोळी रात्री. सोयाबीन घरात येत नाही. पाठ झालंय सगळं.”

“गोळी देतं कोण?”

“मीच. गिळेपर्यंत समोर उभी असते.”

“हवालदारासारखी,” आई म्हणाली आणि हसली. बाहेर रणरणतं ऊन होतं, तरी तिच्या अंगात स्वेटर होता. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. बोलताना एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तसा वर यायचा.

या थायरॉइडच्या गोळीवर आईने कित्येक वर्षं खुशाल काढली होती. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे ती शिवायची. मागच्या वर्षी बाबा गेले, मुलगी सोबतीला म्हणून येऊन राहिली, आणि काही महिन्यांत आईचं अंग जे बिघडलं ते सावरेचना. धसका घेतलाय, असं शेजारपाजारचे म्हणाले. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मशीन झाकून ठेवलं होतं, आणि राहिलेली हातशिलाई मुलगी करायची.

घरी येऊन मुलगी पानावर बसते न बसते तोच नवऱ्याचा फोन आला. ती उठून उभी राहिली.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“उतार नाही. आणखी महिनाभर तरी—”

“बरं,” तो म्हणाला.

तो कधी आवाज चढवत नसे. नुसतं ‘बरं’ म्हणायचा. ताट तसंच उचलून तिने मोरीत नेलं आणि भांड्यांची अशी आदळआपट चालवली की आईने खाटेवरून विचारलं, “भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?”

“वैताग आलाय मला!” ती ओरडली. “तुझ्या आजाराचा, त्या डॉक्टरांचा, सगळ्याचा! ना धड इकडे, ना धड तिकडे!”

थोड्या वेळाने आई भिंतीला धरून मोरीपर्यंत आली आणि पुसायला फडकं घेतलं. तिच्या हातातून ताटली निसटली. वाकून उचलायलाही तिला जमेना. मुलीने पटकन ताटली उचलली आणि आईला धरून परत खाटेवर बसवलं. आईचे हात बर्फासारखे गार होते. ते हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी निराळंच काढलं.

“औषध गिळलं की काम झालं असं नसतं. आतड्याने ते शोषायला हवं, रक्तात यायला हवं, मग ते अंगभर पोचतं. यकृत हळूहळू त्याचा निकाल लावतं. मावशींच्या बाबतीत गाडी कुठे अडते ते बघू. हृदयाची तपासणी ठीक आहे. आठवड्याची मात्रा इथे एकदम देते, माझ्यासमोर, आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने रक्त घेते.”

“एवढ्या सुया?” मुलगी ताडकन म्हणाली. “तिच्या अंगात आहे काय आता? दुसऱ्या कंपनीची गोळी द्या, नाहीतर डोस वाढवा. नाही करायची ही तपासणी.”

“करायची,” आई म्हणाली. “टोचू दे त्यांना. कपड्यांना जन्मभर मी टोचलंय, आता माझी पाळी.”

तपासणीचा तो दिवस मुलीने दवाखान्याच्या बाकावर काढला. नर्स आत गेली की ती उठायची, बाहेर आली की बसायची. नवऱ्याचा फोन आला, तो तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. आज त्या वैतागलेल्या दिसत नव्हत्या. सरळ रागावलेल्या दिसत होत्या.

“गोळी दिल्यावर रक्तातलं औषध सरसर चढलं. तुमचं आतडं ठणठणीत आहे, मावशी. शोषण्यात काही खोट नाही. मग इतके महिने मी डोस कशावर वाढवत होते? घरी गोळी पोटात जातच नाहीये.”

मुलगी खुर्चीतून अर्धवट उठली.

“मीच थुंकते,” आई म्हणाली.

“काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“जिभेखाली धरते. हिची पाठ वळली की टाकून देते. मी बरी झाले की ही जाणार, डॉक्टरबाई. एकटीला घर खायला उठतं.”

डॉक्टरीणबाई पाठ टेकून बसल्या. मग त्यांनी आईची चांगलीच खरडपट्टी काढली. अशाने हृदय थकतं, माणूस बेशुद्ध पडतं, जिवावर बेततं. आई शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून ऐकत राहिली. मुलगी हुंदके देऊन रडायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“चिडू नका त्यांच्यावर. एकटेपणापायी माणसं काहीही करतात. वाढवलेला डोस विसरा, उद्यापासून जुनाच चालू करा. आणि गिळल्यावर तोंड उघडून बघत जा.”

बाहेर पायऱ्यांवर आई दम खायला बसली. मुलगी एक पायरी खाली, तिच्याकडे पाठ करून बसली. समोरून रहदारी चालली होती.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “तू आत असं का...”

“ती गोड गोळी आता पुरे कर गं,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांच्या चहात साखरेऐवजी मीच घालायचे तसल्या, माझ्या जिभेला कळणार नाही होय? उद्यापासून माझी खरी गोळी दे. आणि त्या घरी परत जायचं नसेल, तर नको जाऊस. त्यासाठी मी आजारी कशाला राहायला हवं?”