चार लघू अक्षरं

भाताचं करपलेलं पातेलं बाजूला सारून संपादकांनी माहेरी गेलेल्या बायकोचं पत्र पुन्हा वाचलं. ‘आज्ञेप्रमाणे सावकाश येते. आंबे संपले, की निघेन.’

असली आज्ञा देईल कोण? मग आठवलं. हे कवी पडले. बोलावणं धाडलं तेही शार्दूलविक्रीडितात. ‘लवकर’ची चार लघू अक्षरं त्या वृत्तात काही केल्या बसेनात, म्हणून ‘सावकाश’ घातलं होतं.

त्यांनी साध्या गद्यात लिहिलं: चूक झाली, लवकर ये. उलट टपाली उत्तर आलं, ‘चूक आहे तर शुद्धिपत्र छापावे. मी अंक वाचते.’

ज्यांनी जन्मात शुद्धिपत्र छापलं नव्हतं, त्यांनी शनिवारी मुकाट्यानं छापलं: ‘सावकाश ऐवजी लवकर वाचावे.’ वाचकांनी मागचा अंक पालथा घातला. तो शब्द एकाच ठिकाणी सापडला, अग्रलेखात: ‘स्त्रीशिक्षण यावे, परंतु सावकाश यावे.’

संपादक सुधारले असं समजून सोमवारी सुधारक हार घेऊन दारात आले. संपादकांनी मान पुढे केली, तोच मागे बैलगाडी थांबली.

‘तो हार इकडे द्या,’ उतरता उतरता बायको म्हणाली.