सांध्यातली टकटक

शिवणकाम करणाऱ्या बाईची बोटं रोज सकाळी आखडलेली असायची. नवरा ती कोमट पाण्यात धरून हळूहळू मोकळी करायचा. डॉक्टर म्हणाले होते, "हा आमवात. शरीराचे पहारेकरीच स्वतःच्या सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात."

त्या सकाळी तिच्या बोटाच्या सुजलेल्या सांध्यातून बारीक टकटक ऐकू आली. त्याने कान लावला. आतून कुणीतरी ठोकत होतं.

त्याला भरून आलं. "अरे बाबांनो, ही आपलीच आहे," तो बोटाशी कुजबुजला. "ओळखा की हिला."

टकटक थांबली. बोट अलगद वळलं, मग बाकीचीही वळली. कित्येक महिन्यांनी तिला मूठ मिटता आली. ती हसली.

मग तिने हळूच हात सोडवून घेतला.

"फार उपकार झाले," ती अदबीने म्हणाली. "पण आपण कोण?"