कालिनाचा नऊ नंबर

कार्डावरचा फोटो आणि समोर बसलेला पोरगा, दोघांचे चेहरे एकाच साच्यातले होते. कान तेवढे वेगळे. विलास कर्णिकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि कार्ड डायनिंग टेबलावर पालथं ठेवलं.

"परवा फायनल आहे, मिस्टर कर्णिक," बोहदान म्हणाला. तो कालिना क्लबचा मॅनेजर, आणि पोरगा त्यांचा नऊ नंबरचा खेळाडू. "एक सही. इट्स ऑल आय आस्क."

टोरोंटोतल्या एटोबिकोच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये खेळाडूंची नोंदणी कर्णिक बघत, रिटायर झाल्यापासून. कार्डावर त्यांची सही नसेल तर खेळाडूला मैदानात पाय ठेवता येत नसे. मराठी मंडळातले लोक त्यांना लीगचा चित्रगुप्त म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडतही असे.

कालिना हा युक्रेनमधून नव्याने आलेल्या सुतार, वेल्डर, ट्रकवाल्यांनी २०१५ साली काढलेला क्लब. पहिल्या वर्षी सगळ्यात खालच्या गटात आणि यंदा, चौथ्या वर्षी, थेट फायनलला. इतक्या झपाट्याने वर येणाऱ्याला कुणी सुखाने जगू देतं का? जुन्या क्लबांच्या पोटात दुखू लागलं. हे तिकडून पगारी खेळाडू आणतात, यांचे कागद खोटे असतात, अशा पाच तक्रारी झाल्या. पाचही कर्णिकांनी पुराव्याअभावी फेटाळल्या.

सहावीला मात्र फोटो जोडला होता. युक्रेनमधल्या कुठल्याशा गावातलं थडगं. दगडावर कार्डावरचाच चेहरा, कार्डावरचंच नाव: ओलेक्सा. खाली साल, २०१४.

"मग तू कोण?" कर्णिकांनी विचारलं.

बोहदानने मान खाली घातली. पोरगा मात्र सरळ बघत होता.

"दानिलो. त्याचा धाकटा भाऊ."

पुढचं त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ओलेक्साला वेल्डर म्हणून कॅनडाचे कागद मिळाले होते. ते घरी पोचले त्याच आठवड्यात तो लढाईत गेला. आईने दफनानंतर ते पाकीट दानिलोच्या हातात ठेवलं. म्हणाली, एक गेला, दुसरा तरी जगू दे.

"परत पाठवलंत तर मला सरळ आघाडीवर नेतील," तो म्हणाला. "आईकडे आता तिसरा नाही."

लीगचा नियम साधा होता. खोटं नाव सापडलं की कार्ड रद्द, क्लब बाद आणि इमिग्रेशनला पत्र. संध्याकाळी सहापर्यंत निर्णय कमिटीला कळवायचा होता. आता साडेचार वाजत आले होते.

"दुसऱ्याच्या नावाची सवय होते?" त्यांनी विचारलं. का विचारलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नाही. कुणी ओलेक्सा म्हणून हाक मारली, की आधी मी मागे वळून बघतो. वाटतं, तोच आला."

कर्णिक उठले. "एक मिनिट," म्हणून किचनमध्ये गेले.

सुनंदा चहा टाकत होती. जुन्या वळणाची बाई. कॅनडात सत्तेचाळीस वर्षं काढली, पण नवऱ्याचं नाव कधी तोंडातून निघालं नाही. मंडळाच्या हळदीकुंकवात बायका उखाण्यासाठी हात धुऊन मागे लागत, तेव्हा ही हसून उठून जाई. 'अहो'वर तिचा संसार निभावला होता. मूलबाळ झालं नाही. कर्णिक घोरत, म्हणून खोल्याही पहिल्यापासून वेगळ्या. पण तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये महिनाभर हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून राहिले ते तेच. इंजिनियरची डिग्री घेऊन आलेला माणूस आयुष्यभर एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डवर रेघा मारत राहिला. इथल्या इंजिनियरच्या लायसन्सच्या परीक्षेला कधी बसला नाही. कोण पडतं त्या भानगडीत, म्हणायचा.

"ऐकलंस ना सगळं?" कर्णिकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ऐकलं."

"मी कॅन्सल करतोय. दुसरा इलाज नाही." त्यांनी दोन्ही हात ओट्याच्या कडेवर दाबून धरले. "सही केली आणि उद्या कुणी पुन्हा खणलं, तर चौकशी पोराची होईलच, माझीही होईल. रजिस्ट्रार कोण, कधी आला, त्याने सही कशी काय केली? या वयात मला नाही झेपायचं गं ते. आपल्याला नाही झेपायचं."

"आणि नाही केली तर तो मरेल."

"मला कळत नाहीये का ते?" त्यांचा आवाज फाटला. बाहेर बोहदानची खुर्ची करकरली. कर्णिक आणखी हळू बोलू लागले. "कळतंय म्हणून तर इथे येऊन उभा राहिलोय. तिथे त्याच्यासमोर बसवेना."

सुनंदाने चहा गाळला. चार कप. घाई नाही, गडबड नाही.

"त्याची आई आहे अजून?"

"आहे."

"तिनेच दिले ना कागद?"

"हो. तिनेच."

तिने पदराला हात पुसले. मग त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या बोटांत दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता.

"सासूबाईंनी ह्यांचे कागद तुमच्या हातात असेच दिले होते ना?" ती म्हणाली. "सही करा, भावोजी."