अकरावा नियम

एकाहत्तर आणि एकाहत्तर. लिफ्ट मेकॅनिकने फोन डोळ्यांजवळ धरला, मग हात लांब करून पाहिला. आकडे तेच. सेमीफायनल बरोबरीत सुटली होती. एका बाजूला त्याची टीम, दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोच्या मुलीची.

बाहेरच्या खोलीत आठजण दाटीवाटीने बसले होते. खऱ्या फुटबॉलपटूंमधून प्रत्येकाने ॲपवर आपले अकराजण निवडायचे. ते मैदानात जसे खेळतील तसे पॉइंट आपल्याला. नऊ वर्षं ही लीग याच खोलीत चालली होती. सुरू केली होती मास्तरने. मास्तर म्हणजे बायकोचा पहिला नवरा, चित्रकलेचा शिक्षक. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मेकॅनिक या घरात दोन वर्षांपूर्वी आला आणि लीगमध्ये यंदा. मुलगी सतरा वर्षांची. ती बापाचीच टीम चालवायची. टीमचं नावसुद्धा तिने बदललं नव्हतं.

बरोबरी झाली तर काय, यावर ॲपने हात वर केले होते. तुमचं तुम्ही ठरवा म्हणे. अशी वेळ आजवर आली नव्हती.

"टेबलात जो वर, तो पुढे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "अख्खा सीझन कोण चांगलं खेळलं ते बघा. न्याय त्यातच आहे."

टेबलात मुलगी वर होती.

"बाकावर बसवलेल्यांचे पॉइंट मोजा," बसड्रायव्हर म्हणाला. "बदली खेळाडूही आपणच निवडतो ना? त्यालाही डोकं लागतं."

त्या हिशेबाने मेकॅनिक सात पॉइंटने पुढे जात होता.

"नाणं उडवा आणि मोकळे व्हा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

मग नेहमीचं सुरू झालं. मास्तर असता तर टेबलच बघितलं असतं. छे, मास्तरला बदली खेळाडूंचं फार कौतुक. मास्तरने नाणं तर कधीच उडवू दिलं नसतं. मेकॅनिक मान खाली घालून ऐकत होता. हे त्याला रोजचं होतं. फ्यूजच्या डब्यावर मास्तरच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. सगळी वायरिंग मेकॅनिकने नव्याने केली, तरी 'त्या राहू देत' असं बायको म्हणाली, आणि त्या राहिल्या. जिवंत माणसाशी भांडता येतं, निदान त्याच्या चुका तरी काढता येतात. मास्तर मात्र गेल्यापासून दिवसेंदिवस चांगलाच होत चालला होता. मेकॅनिकला कप नको होता. त्याला फक्त मास्तरची टीम एकदा, याच खोलीत, सगळ्यांदेखत हरवायची होती.

"मास्तर नाहीये," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी आहे."

चहाचा ट्रे घेऊन येणारी बायको दारातच थांबली. बसड्रायव्हर उगाच आपल्या घड्याळाला किल्ली देत बसला.

मुलगी उठली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

"पप्पांची नियमांची वही," ती म्हणाली. "यात असेल."

"अरे हो, दर वर्षी काहीतरी लिहायचा त्यात," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला कधी हात लावू दिला नाही."

ती खिडकीपाशी उभी राहून पानं उलटू लागली. एका पानावर थांबली. बराच वेळ थांबली. मेकॅनिकने ओळखलं. टेबलच असणार. मेलेला माणूससुद्धा आपल्या लेकीच्याच बाजूने बोलणार, आणि इथे कुणी चकार शब्द काढणार नाही.

"नियम अकरावा," मुलगी सावकाश वाचू लागली. "सेमीफायनलला बरोबरी झाली, तर दोघांपैकी जो लीगमध्ये नंतर सामील झाला तो पुढे जाईल. जुन्यांना हरायची सवय असते. नव्याला परत यावंसं वाटलं पाहिजे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मास्तरच तो," बसड्रायव्हर हळूच म्हणाला.

मुलीने वही मिटून खिडकीत ठेवली. "अभिनंदन, काका. आणि फायनलआधी तुमचा गोलकीपर बदला. त्याचा गुडघा दुखावलाय."

सगळ्यांनी मेकॅनिकच्या पाठीवर थापा मारल्या. तो हसला, चहा प्यायला, पण आत नुसती आग झाली होती. जिंकवलं तेही मास्तरनेच. कधी पाहिलाही नाही अशा माणसासाठी त्याने आपली टीम घरी बसवली होती. त्याच्या जागी आपण असतो तर हे केलं असतं का, असं मेकॅनिकने स्वतःला विचारलं. नसतं केलं. हेच त्याला जास्त लागलं.

मंडळी निघाली. बायको त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. मुलगी आत कप विसळत होती. मेकॅनिक खिडकीपाशी गेला. एवढा मोठेपणा त्या माणसाने सरळ एका दमात लिहिला, की खाडाखोड करत करत, तेवढंच त्याला बघायचं होतं. त्याने वही उघडली. दहा नियम ओळीने, सुबक. मग पान उलटलं.

ते जवळजवळ कोरंच होतं. वर शाईने लिहिलं होतं, 'नियम अकरावा. बरोबरी झाली तर?' आणि त्याखाली पेन्सिलीने, घाईघाईत, 'सुचत नाही. पोरीला विचारायला हवं.'