वारेची राखण

दवाखान्यात थर्माकोलच्या डब्याला पाठ टेकून, हातात छत्री घेऊन आई बसली होती. डब्यात वृषालीची, बाळामागून पडलेली वार होती. ती वाळवून तिच्या कॅप्सूल करायच्या होत्या. त्यांनी दूध येतं म्हणे. बाळ कालपासून भुकेनं रडत होतं.

"आई, ऊठ ना. डबा न्यायला माणूस आलाय."

"म्हैस व्याली की वार पडेस्तोवर मी अशीच काठी घेऊन बसते. एकदा डोळा लागला, तिनं वार खाल्ली आन् दूध आटलं."

"मी म्हैस आहे का?"

"म्हशीला एवढं समजवावं लागत न्हाई."

वृषाली हसत सुटली. टाके दुखले तरी हसू थांबेना, आणि हसता हसताच तिला पान्हा फुटला.

बाळाला कुशीत घेत ती दारातल्या माणसाला म्हणाली, "चहा घेऊन जावा, दादा. डबा काय मिळायचा न्हाई."