लोखंडी पायांची खाट

सुकदेव आबा कॉटवरून उतरले आणि खाली फरशीवरच आडवे झाले. पायाला कुऱ्हाड लागून जखम चिघळलेली. रोज इंजेक्शन घेतलं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. आणि धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पडून आबा म्हणत होते, "ह्या विलायती पलंगवर मी झोपाव नही."

आता बोला! अहो, पलंगाचं नुसतं निमित्त. खरं दुखणं पांढऱ्या कपड्यांत समोर उभं होतं. वॉर्डातली नर्स कुंदा ही आबांची सख्खी मुलगी. लग्नाच्या वयात ती नर्सिंग शिकायला घर सोडून आली. परक्या पुरुषांची अंगं पुसणार म्हणून आबांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि गावाला सांगितलं, पोर मेली. मेलेल्या पोरीच्या हातून सुई कशी टोचून घ्यायची?

कुंदाचाही बापावर राग होताच. पण तो सुजलेला पाय पाहून तिला भडभडून आलं. ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली.

"विलायती कुठली, आबा? कॉट म्हणजे आपली खाट. आमच्या ट्रेनिंगच्या बाईंनी शिकवलं. साहेब लोक इकडे आले, खाटेवर झोपले, त्यांना आवडली. बोटीवर टांगून झोपायला घेऊन गेले. त्यांच्या जिभेला काही खाट म्हणता येईना, म्हणून कॉट झाली. मग लोखंडी पाय लावून घरी परत आली."

आबा कॉटकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"गयी तवय तिले कोनी हाकली व्हती का?"

शहरात आल्यापासून न बोललेली बोली कुंदाच्या तोंडून आपोआप निघाली.

"नही, आबा. कामले गयी व्हती."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. तिनं धरून त्यांना कॉटवर चढवलं. सुई टोचली तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"आठे बठ्ठा तुले काय म्हनतस?" वॉर्डातल्या सगळ्यांवरून नजर फिरवत आबांनी विचारलं.

"सिस्टर."

आबांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. काही जमेना.

"म्हनू दे त्यासले," ते म्हणाले. "मी कुंदीच म्हनसू."