जास्वंदीची काच

वडिलांना, आबांना, जाग यायच्या आत मृदुलानं प्रयोगशाळेतून आणलेली नवी काच खिडकीत ठेवली. जास्वंदीच्या रंगात बुडवलेली ती काच उन्हावर वीज करी आणि तिला जोडलेल्या मीटरचा काटा हले. काटा हलतोय तोवर आपला श्वासही चालणार, असं अंथरुणाला खिळलेल्या कीर्तनकार आबांनी मनाशी धरलं होतं. पण त्याच उन्हानं रंग विटायचा, म्हणून ही रोजची लपवाछपवी.

"कालची कुठं टाकलीस गं?" पाठीमागून आबांनी विचारलं.

मृदुला नवी काच पुसत राहिली.

"आख्यान शोकावर संपवू नये, म्हणून मीही शेवट फिरवलेत. आता पुरे, पोरी. हीच राहू दे."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात काटा खाली टेकला. मृदुलानं आबांची भैरवी गायला घेतली. चादरीवर त्यांचं बोट ताल देत होतं. मध्येच ते थांबलं.

मृदुला शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली.